एकतीस नंबरचं उष्टावण

हिरेवाडीत बसव्वांच्या पडवीतल्या तुळईला काटा अडकवून दाक्षायणीनं पोराला झोळीत घातलं, आणि काटा थांबायच्या आधीच तिला राग आला. काटा काय दाखवणार हे तिला ठाऊक होतं. सहाव्या महिन्यात सहा किलो शंभर, आठव्यात तेवढंच, नवव्यात सहा. आज, दहाव्यात, पाच किलो नऊशे. पोरं दिवसामासानं वाढतात म्हणतात. हा पठ्ठ्या दिवसामासानं उतरत चालला होता.

"किती भरलं बाई?" पोराच्या आईनं, हेमावतीनं विचारलं.

"पाच नऊशे."

"म्हंजी वाढलं का?"

दाक्षायणीनं झोळीचे बंद सोडायच्या निमित्तानं मान खाली घातली. उत्तर तिच्या जिभेवर होतं, पण ते द्यायची तिला बंदी होती.

चौऱ्याहत्तर साल होतं. दुष्काळ सरून वर्ष झालं होतं, सुकडीची पातेली शाळांतून हलली होती, आणि आता पुण्या-मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना जाणून घ्यायचं होतं की खेड्यातल्या बाया पोरांना केव्हापासून काय भरवतात आणि त्यावर पोरं किती वाढतात. त्यासाठी सोलापुरात सात रस्त्याजवळ एका बँकेच्या माडीवर बालपोषण पाहणीचं ऑफिस उघडलं होतं. बाळीवेशीतली, इंटरपर्यंत शिकलेली, मराठी आणि कानडी दोन्ही फाडफाड बोलणारी दाक्षायणी तिथं सहा-सहा महिन्यांच्या हुकमावर कामाला होती. खांद्यावर काटा, बगलेत फॉर्मांचं बाड, आणि एसटीच्या वेळा पाठ. पहिल्याच दिवशी पर्यवेक्षक आबासाहेब गरडांनी तिला बजावलं होतं, "मोजा, विचारा, लिहा. सांगू मात्र काही नका. आपण सांगितलं की बाया वागणं बदलतात. मग आपण मोजणार काय? आपलंच सांगणं?"

ऐकायला हे शहाणपणाचं होतं. समोर पाच किलो नऊशेचं पोर नसलं म्हणजे आणखीच शहाणपणाचं वाटायचं.

आता प्रश्न चौदा. वरचं अन्न सुरू केलं का? नाही. प्रश्न पंधरा. नसल्यास कारण. कारणांना आकडे दिलेले होते: एक, आईचं दूध पुरतं, दोन, बाळ आजारी, तीन, परवडत नाही, चार, अज्ञान, पाच, इतर. या घराला 'परवडत नाही' म्हणायची सोय नव्हती. दावणीला दोन म्हशी होत्या, कणगी ज्वारीनं भरली होती. गेले चार महिने पोराची आजी बसव्वा एकच उत्तर देत होती, "उष्टावण व्हायचंय की अजून." आणि गेले चार महिने दाक्षायणी मुकाट्यानं चारचा आकडा टाकत होती. अज्ञान. कुणाचं, ते फॉर्म विचारत नव्हता.

आज मात्र तिचं पेन तिथं अडलं. अडायला कारण होतं. याच गावात वरच्या आळीला रंभाबाईची नात होती, पाहणीतला एकोणीस नंबर. तिच्या फॉर्मवरही दाक्षायणीनं महिनोन्‌महिने चारच टाकला होता. नवव्या महिन्यात पोरीला हगवण लागली आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं. आबासाहेबांनी रजिस्टर उघडून पट्टी ठेवली, एकोणीस नंबरच्या ओळीवर लाल पेन्सिलीची रेघ मारली आणि पान उलटलं. त्या दिवसापासून दाक्षायणीला चारचा आकडा लिहिताना हात जड व्हायचा.

"अव्वा," ती बसव्वांना म्हणाली, "उष्टावण झालं नाही ते कळलं. पण का झालं नाही?"

बसव्वा सुपातली डाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. एवढ्या महिन्यांत या काटेवाल्या बाईनं 'का' विचारल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"मामा आला न्हाय."

"मामा असतो कुठं? मुंबईला?"

"छ्या! हितं. होटगीला. रेल्वेत गँगमन हाय."

दाक्षायणी बघतच राहिली. होटगी तिथून आठ मैल होती. सांजसकाळ एसटी होती. गाढवावर बसून निघाला असता तरी मामा सहाव्या महिन्याच्या सहाव्या दिवशी पोचला असता.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बारशाला मानाचा पटका आधी मामाला बांधायचा. पण ऐनवेळी सरपंच आले, आणि पोराच्या बापानं, मडिवाळप्पानं, पटका आधी सरपंचांना बांधला. मामा, म्हणजे हेमावतीचा थोरला भाऊ गुरुबसप्पा, पाटावरचा उठला आणि न जेवता होटगीला गेला. सहाव्या महिन्यात मडिवाळप्पानं दूधवाल्याबरोबर निरोप धाडला. गुरुबसप्पानं उलटा निरोप धाडला की निरोप म्हणजे बोलावणं नव्हे, घरचं माणूस नारळ घेऊन यावं. मडिवाळप्पा म्हणाला, मी गेलो तर माझा कमीपणा. सहावा महिना असा गेला. मुलाचं उष्टावण समच महिन्यात करायचं, म्हणून सातव्याचा विचार नाही. आठवाही तसाच गेला. आता दहावा चालू होता आणि तो संपायला अकरा दिवस उरले होते.

"आणि दहावा गेला तर?"

"मग बारावा," बसव्वा म्हणाल्या आणि सूप पाखडलं.

बारावा! दाक्षायणीच्या डोक्यात गणित झालं. महिन्याला शंभर ग्रॅम या हिशेबानं बाराव्या महिन्यात काट्याला काय अडकवायचं, नुसती झोळी? दोन थोराड माणसं पटक्यावरून रुसली होती आणि उपास घडत होता पाळण्यातल्याला. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला.

बसव्वा डाळ धुवायला मागं गेल्या तशी ती हेमावतीजवळ सरकली. नियम गेला खड्ड्यात. "अगं, तू आई आहेस ना? मऊ भात कर आणि भरव गुपचूप. कोण बघतंय?"

हेमावतीनं पोराला पदराखाली घेतलं. पोर ओढत होतं आणि मध्येच सोडून चिरचिरत होतं. "भरवला की बाई एकडाव. आठव्यात. चार बोटं पेज. त्याच दिवशी अंग तापलं त्याचं. सासूबाई म्हनल्या, बघ, मामाच्या हातच्या आधी घातलंस. तवापास्नं हात धजत न्हाय."

"मग दुसरा कुणी भाऊ बसव. मानलेला."

"जित्या मामाच्या जागी दुसरा बसवला तर मामाचं आयुष्य घटतं म्हंत्यात." तिचे डोळे भरले. "माजा एकच भाऊ हाय, बाई. पोराला बी जपू आन्‌ भावाला बी जपू, तर मी करू काय?"

याला अज्ञान म्हणायचं? दाक्षायणीला वाटलं, आबासाहेबांना उचलून इथं या पडवीत आणून बसवावं आणि म्हणावं, टाका आता आकडा. तिनं चार लिहिला नाही. 'इतर'समोर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'मामा आला नाही', आणि बाड बगलेत मारून निघाली.

रस्त्यात मडिवाळप्पा भेटला. मोट हाकून आला होता, अंगावर चिखल. तिनं सरळ विषयाला तोंड फोडलं, पण तो भिंतीसारखा उभा राहिला. "मी बायकोच्या भावाच्या दारात नारळ घिऊन जाऊ? त्यापरीस..." पुढचं त्यानं गिळलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. आणि हा सुंभ तर अजून जळायलाही लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दाक्षायणीचं नेमलेलं गाव वेगळंच होतं. ती उतरली होटगीला.

रेल्वेच्या चाळीत गुरुबसप्पाचं घर सापडायला वेळ लागला नाही. उंच, काळासावळा माणूस, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हाताला घट्टे. नुकताच कामावरून आला होता आणि दाराशी घण टेकवून पाय धूत होता. हिरेवाडीची पाहणीवाली बाई म्हटल्यावर त्याचा चेहरा असा उजळला की दाक्षायणीला वाटलं, उगाच आपण भांडायची तयारी करून आलो.

"म्हादू कसा हाय?" त्यानं विचारलं. पोराचं नाव महादेवप्पा, पण एवढ्या लांबलचक नावानं त्याला कुणी हाक मारत नव्हतं. "बसाय लागला का? दात आलं का? नाक आमच्यावानी हाय म्हंत्यात."

"तुम्ही पाहिलं नाही?"

"बारशाला बगितलं तेवडंच."

त्यानं आत जाऊन ट्रंक उघडली आणि लाल फडक्यात बांधलेली चांदीची वाटी आणून दाखवली. सोबत बोटभर चमचा. वाटीवर 'म्हादू' असं नाव कोरून घेतलं होतं. "पाचव्या महिन्यातच करून ठिवलीया. मंगळवार पेठेतनं. रोज पुसतो."

दाक्षायणीनं वाटी हातात घेतली. इतकी लखलखीत होती की तिच्यात तिचं स्वतःचं तोंड दिसलं, रागानं लाल झालेलं. "मग ही वाटी इथं काय करते? उठा की. माझ्याबरोबर चला."

"बोलावणं कुटं हाय?"

"अहो, पोराला तुमच्यावाचून घास मिळेना!"

"ते मला कळतंय, बाई. पन भर पंगतीत पाटावरनं उटवलं मला. आता न बोलावता ग्येलो तर गाव म्हनंल, खायाला आला. बोलवू द्यात. एक नारळ. जास्ती काय मागतो मी?"

खरंच जास्त काही मागत नव्हता. तो यायला नाही म्हणत नव्हता आणि मडिवाळप्पा त्याला नको म्हणत नव्हता; दोघंही अगदी वाजवी बोलत होते, आणि पोर वाळत होतं. आपण कुणाच्या टाळक्यात काटा घालावा हे दाक्षायणीला कळेना.

"किती वजन हाय त्याचं?" गुरुबसप्पानं विचारलं.

"पाच किलो नऊशे."

त्यानं मान हलवली. बरं असेल, अशी. आकड्यानं त्याला काही सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगत नव्हता. हेमावतीला नाही, बसव्वांना नाही. दाक्षायणीनं इकडंतिकडं पाहिलं. दाराशी टेकवलेल्या घणावर तिची नजर गेली. तिनं खांद्यावरचा काटा काढला, छपराच्या वाशाला अडकवला, आणि दोन्ही हातांनी घण उचलून झोळीत टाकला. काटा खाली गेला, डुलला, थांबला.

"वाचा."

"सा... सा किलोच्या वर."

"दहा महिन्यांचं पोर आहे तुमचं. तुमच्या घणाएवढंही भरत नाही."

गुरुबसप्पानं झोळीतून घण काढला, एका हातानं तोलून पाहिला. रोज शेकडो वेळा उचलत असेल, पण आज जणू पहिल्यांदा उचलला. मग तो हळूच जमिनीवर ठेवला आणि उंबऱ्यावर बसला.

"जायाला पाय तयार हायत," तो शेवटी म्हणाला. "पन बोलावणं..."

"अहो, बोलावणं, बोलावणं!" दाक्षायणी ओरडलीच. शेजारच्या दारातून दोन डोकी बाहेर आली. तिनं चिडून काटा काढला आणि बाड बगलेत मारायला उचललं. तेवढ्यात बाडातून नोटिसांचं पॅड खाली पडलं.

ही नोटीस पाहणीतली नेहमीचीच होती. कुणी वजनाला आलं नाही की धाडायची. छापील मजकूर, गाळलेल्या जागा आणि खाली आबासाहेबांचा गोल निळा शिक्का, जो त्यांनी वेळ वाचावा म्हणून पन्नास कोऱ्या नोटिसांवर आधीच मारून ठेवला होता. 'श्री. / श्रीमती ______ यांना कळविण्यात येते की, बालक क्रमांक ______ च्या तपासणीसाठी दि. ______ रोजी सकाळी ______ वाजता हजर राहावे. गैरहजेरीची नोंद घेतली जाईल.'

दाक्षायणीनं नोटीस वाचली. मग गुरुबसप्पाकडे पाहिलं. मग पुन्हा नोटीस वाचली. बालकाच्या आईनंच हजर राहावं, असं त्यात कुठं लिहिलेलं नव्हतं.

तिनं उंबऱ्यावरच बैठक मारली आणि लिहिलं. श्री. गुरुबसप्पा, नातं मामा, बालक क्रमांक एकतीस, येता सोमवार, सकाळी नऊ. खाली कोऱ्या जागेत स्वतःच्या मनानं एक ओळ घातली, 'मामाने बालकास स्वहस्ते अन्न द्यावे. बालक किती घेते ते मोजण्यात येईल.' आणि तसंच दुसरं पान मडिवाळप्पाच्या नावानं, 'मामा हजर राहतील तेव्हा पाट मांडून ठेवावा.'

गुरुबसप्पानं कागद उजेडात धरला. शिक्क्यावरून अंगठा फिरवला. "सरकारी हाय व्हय?"

"शिक्का बघा."

शिक्क्यात सरकार नव्हतं, पाहणी होती. पण गोल शिक्क्याच्या आत काय लिहिलंय ते वाचत बसायची आपल्याकडे पद्धत नाही.

"गैरहजेरीची नोंद घेतली जाईल," त्यानं एकेक अक्षर लावत वाचलं, आणि त्याच्या छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा त्यानं श्वास सोडला. "मग काय, यावंच लागंल की."

सोमवारी नऊच्या आधीच तो हिरेवाडीत हजर होता. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, जो त्यानं स्वतःच बांधला होता, आणि हातात लाल फडकं. मडिवाळप्पानं पाट मांडला होता, रांगोळीही घालून घेतली होती. 'नोटिशीत लिवलंय' एवढंच तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. जे काय बोलायचं ते मध्ये उभ्या असलेल्या दाक्षायणीमार्फत.

"बाई, त्यास्नी सांगा, पाट हितं हाय."

"बाई, त्यास्नी म्हनावं, दिसतोय."

बसव्वांनी खीर आणली. गव्हल्यांची, म्हशीच्या दुधातली, घोटून मऊ केलेली. दाक्षायणीनं मुद्दाम आणलेल्या छोट्या तराजूत चांदीची वाटी आधी रिकामी तोलली, मग भरून तोलली. मोजण्यात येईल असं लिहिलं होतं, तर मोजायला नको? हेमावतीनं म्हादूला भावाच्या मांडीवर ठेवलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

गुरुबसप्पानं चमचा पोराच्या ओठांना लावला. पोरानं तोंड वेंगाडलं आणि खीर थुंकून टाकली. दुसरा चमचा, तसंच. तिसऱ्याला त्यानं मान फिरवली आणि रडायला सुरुवात केली, तेही धड मोठ्यानं नाही. दहा महिन्यांच्या पोराला चमचा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. आता हे न खाता उठलं, तर एवढ्या खटाटोपाचं, नोटिशीचं, शिक्क्याचं काय? बसव्वा म्हणतील, देवाच्या मनात नव्हतं.

"चमचा ठिवा तो," एकदम मडिवाळप्पा बोलला. थेट, मेहुण्याशी. "बोटानं चाटवा. त्याला बोट आवडतं."

गुरुबसप्पानं त्याच्याकडे पाहिलं. मग चमचा ठेवला आणि करंगळी खिरीत बुडवून पोराच्या ओठांत दिली. घण उचलून दगड झालेली करंगळी. म्हादूनं ती चोखली. थांबला. पुन्हा तोंड उघडलं.

"घेतुया," गुरुबसप्पा म्हणाला. "घेतुया की, भावजी." आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ते पुसायला हात मोकळा नव्हता, एका हातात पोर होतं आणि दुसरा पोराच्या तोंडात.

बत्तीस ग्रॅम. दाक्षायणीनं वाटी पुन्हा तोलून आकडा लिहिला. निघताना तिनं हेमावतीला बाजूला घेतलं आणि दिवसातून किती वेळा, किती मऊ, काय काय, सगळं सांगितलं. कानडीत सांगितलं, म्हणजे नियम मराठीत मोडल्यासारखा वाटू नये. स्वतःला असं फसवायला तिला त्या दिवशी मजा वाटली.

मजा शनिवारपर्यंत टिकली.

शनिवारी ती ऑफिसात गेली तर आबासाहेबांच्या टेबलासमोर गुरुबसप्पा बसलेला. पटका मांडीवर. तिला पाहून तो आनंदानं उठला. "या बाई, या! सायबास्नी तेच सांगतोय. सोमवारी खाडा झाला न्हवं, तर मुकादम म्हनतोय सरकारी कामाला ग्येला हुतास तर हजेरीचा दाखला आन. नोटीस आनलीया संगं."

आबासाहेबांनी दाखला दिला नाही. गोड बोलून, चहा पाजून त्याला वाटेला लावलं. मग नोटीस टेबलावर पसरली आणि चष्मा काढला.

"दाक्षायणीबाई, आपल्या पाहणीत मामा कुठून आला?"

"प्रश्न पंधरामधून आला, साहेब."

"प्रश्न पंधरामध्ये मामा नाही."

"तेच म्हणते मी. असायला हवा. हिरेवाडीत मी परवा घरोघर पुन्हा विचारलं. एकट्या हिरेवाडीत सात पोरांचं मामावर अडलंय. कुणाचा मामा रुसलाय, कुणाचा कारखान्यावर ऊसतोडीला गेलाय, कुणाचा..."

"'इतर' पाच टक्क्यांच्या वर जाता कामा नये, असं वरून आलंय. इतर वाढलं की फॉर्म चुकीचा बनवला असा अर्थ होतो, आणि तो फॉर्म मोठ्या डॉक्टरांनी बनवलाय." आबासाहेब ओरडत नव्हते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं; दमलेल्या माणसाशी भांडता येत नाही. "या सातांना चार घाला. आणि एकतीस नंबर आता आपल्या कामाचा राहिला नाही. आपण त्यात हात घातला. उद्या तो वाढला तर ती पाहणी नव्हे, ती तुमची करामत."

त्यांनी रजिस्टर उघडलं, पट्टी ठेवली आणि लाल पेन्सिल घेतली.

"साहेब, ती रेघ मेलेल्या पोरांना मारतो आपण."

"मग?"

"हे जिवंत आहे. खायला लागलंय."

आबासाहेबांनी पेन्सिल क्षणभर हवेत धरली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, नाही असं नाही. मग ते म्हणाले, "दुसरी रेघ नाही आपल्याकडे," आणि ओढली. एकोणीस नंबरची ओळ आणि एकतीस नंबरची ओळ एकाच पानावर होत्या. रेघाही एकाच लांबीच्या. पुण्यात बसून जो कुणी हे पान बघेल त्याला दोन पोरं गेलेली दिसतील.

"एकतीसचं वजन यापुढं घ्यायचं नाही," आबासाहेब म्हणाले. "तुमचा हुकूम पुढच्या महिन्यात संपतो, हे लक्षात असू द्या."

लक्षात कसं नसेल? घरी आई होती, धाकट्या बहिणीची फी होती. दाक्षायणी तोंडात मूग धरून बाहेर आली आणि सात रस्त्याच्या गर्दीत उभी राहून तिला एवढा संताप आला की कुठली बस धरायची तेच सुचेना. सात रस्ते फुटले होते, त्यांतल्या एकावरही तिची अक्कल चालत नव्हती. सात फॉर्मांवर तिनं त्या रविवारी चारचा आकडा टाकला. टाकताना रडली आणि टाकला. तिनं तो टाकला नसता असं सांगायला मला आवडलं असतं.

महिना उलटला. हिरेवाडीचा वजनाचा दिवस आला. ती बसव्वांच्या घरावरून नुसतीच पुढं निघाली होती, खाली मान घालून. पण बसव्वा ओट्यावर उभ्याच होत्या.

"ओ काटेवाल्या बाई! आमचं घर इसरलात व्हय?"

"अव्वा, तुमच्या म्हादूचं... आता गरज नाही. त्याचं काम संपलं."

"संपलं? आता तर लागलाय खायाला. या, या. काटा टांगा."

हेमावती पोराला घेऊन पुढं आली. मडिवाळप्पा दारात उभा होता. पोराच्या गालाला काहीतरी रंग आला होता; भाताचं एक शीत हनुवटीला चिकटलं होतं. दाक्षायणीनं काटा टांगला. टांगायला काय, टांगायची बंदी कुणी केली होती? लिहायची केली होती. झोळीत घालताच म्हादूनं पाय झाडले, आणि काटा कितीतरी वेळ थांबेचना. पूर्वी लगेच थांबायचा.

"किती?"

"सहा किलो चारशे."

"म्हंजी वाढलं का?" हेमावतीनं विचारलं. तोच प्रश्न, तशाच आवाजात. दर महिन्याला ती विचारायची आणि दर महिन्याला दाक्षायणी झोळीचे बंद सोडायची.

"वाढलं," दाक्षायणी म्हणाली. "अर्धा किलो वाढलं. अजून पुष्कळ वाढायला हवं. पण वाढलं."

बसव्वांनी पोरावरून मीठमोहरी ओवाळल्यासारखा हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली. "लिवा की मग," त्या म्हणाल्या. "कमी भरत हुतं तवा दरडाव लिवून न्येत हुता. आता वाढलं तर लिवा की."

वजनाच्या दिवशी रजिस्टर तिच्याकडे असायचं, आजही पिशवीत होतं. दाक्षायणीनं ते काढलं, मांडीवर उघडलं. एकोणीस, लाल रेघ. खाली एकतीस, लाल रेघ. हेमावती तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"ही रेघ कसली, बाई?"

"काही नाही. चुकून पडलीय."

तिनं पेनाचं टोपण काढलं आणि निळ्या शाईनं, त्या लाल रेघेवरच, अकराव्या महिन्याच्या रकान्यात जाड अक्षरात लिहिलं, सहा किलो चारशे. पुढं तारीख घातली. तारखेपुढं आपली सही केली, अख्ख्या नावानिशी, म्हणजे कुणी लिहिलं असं विचारायची आबासाहेबांवर वेळ येऊ नये. मग तिनं बाडातून प्रश्न पंधराचे ते सात फॉर्म काढले, ऑफिसात अजून जमा न केलेले. संध्याकाळच्या एसटीला अजून दोन तास होते.

"अव्वा, थोडं पाणी द्या," ती म्हणाली, आणि पहिल्या फॉर्मवरचा चार खोडला.